‘बॉम्बे डक’मधली डाक

सुक्या बोंबलाला साहेब ‘बॉम्बे डक’ म्हणायचा. का? तर म्हणे, मुंबईहून सुटणाऱ्या डाकगाडीत टपालाच्या थैल्यांनाही बोंबलाचा वास यायचा, म्हणून ‘बॉम्बे डाक’! किस्सा झकास, पण गाडी चुकलीय. बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली 16 एप्रिल 1853 ला आणि कलकत्त्यापर्यंत रूळ जुळले 1870 मध्ये. ‘बॉम्बे डक’ मात्र 1850 पर्यंतच इंग्रजीत रुळलं होतं. बदकाशीही नातं नाही. हा निव्वळ मासा. वर्सोव्याला जाऊन बघा: दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर उन्हात टांगलेले असतात. वास? तो मात्र शंभर टक्के खरा.