विडीच्या सुपाभोवतीचं गूज

सोलापुरातली पहिली कापड गिरणी १८७७ ची. तीच पुढे ‘जुनी गिरणी’ झाली. तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं शहराच्या पूर्व भागात स्थिरावली. पुरुष मागावर बसले, बायकांकडे कांड्या भरणं आणि विड्या वळणं आलं. गिरण्या एकेक करत बंद पडल्या आणि कित्येक घरांची चूल विडीवर पेटू लागली. तरी घरात त्याला नाव काय, तर ‘बसल्या बसल्या’चं काम!

कारखानदारांनाही ते सोयीचंच होतं. काम घरी गेलं की जागा नको, दिवाबत्ती नको. बाईने मात्र पाणी, स्वयंपाक, सासू-सासरे उरकून हजारभर विड्यांचा आकडा गाठायचा. सून बघताना मुलीचा हात किती चालतो, याची चौकशी व्हायची.

एकटीने बसलं की हात रेंगाळतो. म्हणून दुपारी शेजारणी उंबऱ्याशी सुपं घेऊन बसत. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापाने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. नजर सुपातच राहते, त्यामुळे एरवी तोंडावर न येणारं बोलून होतं: नवऱ्याची उधारी, मोडलेली सोयरीक, माहेरी गुपचूप पाठवलेले पैसे. ‘अक्का, आमच्या घरी कळू देऊ नका हं’ एवढं बजावून पुढचं पान उचलायचं. निम्मं तेलुगू, निम्मं मराठी.

सगळ्यात जपलेलं गुपित भिशीचं. हजार विड्यांमागचा, म्हणजे हजारीचा दर घरात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे मजुरी लपवणं अवघड. कारखान्यात किती माल ‘छाट’ म्हणजे नापास म्हणून बाजूला काढला, हे मात्र बरोबर गेलेल्या मैत्रिणीलाच माहीत; घरी आकडा थोडा वाढवून सांगता यायचा. त्या फटीतून भिशीपुरते चार पैसे सुटायचे. याला लबाडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

१९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा आला. कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरं उभी राहिली, २००६ मध्ये ती ताब्यात मिळाली. वारली आदिवासींच्या लढ्यातल्या गोदूताई परुळेकरांचं नाव असलेल्या या वसाहतीत हक्काचं छप्पर मिळालं, पण पेठेतला शेजार मागे राहिला. माझ्या ओळखीच्या एकीने तिकडे गेल्यावरही जुन्या गल्लीतली भिशी सोडली नाही. नव्या शेजारणी चांगल्या आहेत, म्हणाली, पण त्यांची आणि माझ्या जावेची फार ऊठबस आहे.