तेराव्या शतकाच्या पोथीत अठराव्या शतकाचा निळा

परवा फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला. पिवळट कागद, कडा जळक्या, वर मोडीसारखं काहीतरी, आणि खाली "साडेतीनशे वर्षांपूर्वीचं अस्सल पत्र, जास्तीत जास्त शेअर करा". झूम केलं तर प्रत्येक "क" हुबेहूब दुसऱ्या "क"सारखा, म्हणजे सरळसरळ कॉम्प्युटरचा फॉन्ट. मी तसं लिहिलं तर एक काका म्हणाले, अरे पण इतिहासाचं खोटं कोण कशाला करेल, त्यात पैसे थोडेच मिळतात?

पैशासाठी करणारे असतातच काका, आपल्याकडे वतनाच्या भांडणांत बनावट कागद काय कमी झाले? पण मला जास्त इंटरेस्टिंग वाटतात ते ज्यांना दमडीही नको असते, आणि जे स्वतःच अभ्यासक असतात. त्यातला माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे प्रागचा वात्स्लाव हांका.

16 सप्टेंबर 1817 ला हांकाला द्वूर क्रालोवे या गावातल्या चर्चच्या बुरुजाखालच्या खोलीत चर्मपत्राची छोटी छोटी 12 पानं "सापडली". त्यात जुन्या चेक भाषेतल्या 14 कविता, वीरांच्या लढाया वगैरे, काळ तेरावं शतक. पुढच्याच वर्षी निनावी पत्रासोबत आणखी 4 पानं आली, झेलेना होरा या ठिकाणची म्हणून ओळखली जाणारी, ती तर त्याहूनही कित्येक शतकं जुनी म्हणे. लोक वेडे झाले. का झाले ते समजून घ्यायला हवं. 1620 च्या लढाईत हरल्यापासून चेक लोक ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्याच्या हाताखाली, शिकलेला माणूस बोलणार-लिहिणार जर्मनमध्ये. हांकाचे गुरू दोब्रोव्स्की, चेक भाषेचे सगळ्यात मोठे पंडित, त्यांनी चेकचं व्याकरणसुद्धा जर्मनमध्ये लिहिलं! जर्मनांकडे त्यांचं जुनं महाकाव्य, रशियनांकडेही एक सापडलेलं, आणि आपल्या चेक लोकांकडे काहीच नाही, असं कसं, असणारच, फक्त हरवलं असणार... आणि मग एक दिवस ते "सापडतं". बहुतेक अभ्यासकांच्या मते ही कामगिरी हांका आणि त्याचा मित्र योसेफ लिंडा यांची. हांकाने स्वतः कधी कबूल केलं नाही, पण मला वाटतं त्याच्या डोक्यात हे खोटं नव्हतंच, तो रिकामी जागा भरत होता.

आता माझा लाडका भाग. पुढे रसायनाच्या तपासण्या झाल्या तेव्हा द्वूर क्रालोवेच्या पानांवर एका रंगवलेल्या अक्षरात प्रशियन ब्ल्यू नावाचा निळा रंग सापडला. हा रंग बर्लिनमध्ये 1704 ते 1706 च्या सुमाराला चुकून तयार झाला. डीसबाख नावाचा रंगवाला किरमिजी लाल रंग बनवत होता, त्यासाठी कोचिनील किडे, तुरटी, हिराकस (म्हणजे लोखंडाचा क्षार) आणि पोटॅश लागायचं. पोटॅश संपलं म्हणून त्याने दुसऱ्याकडून आणलं, ते प्राण्यांच्या रक्तापासून काढलेल्या तेलाने खराब झालेलं, आणि लाल व्हायच्या ऐवजी झालं गडद निळं. रक्तात नायट्रोजन आणि कार्बन भरपूर, पोटॅशबरोबर तापवलं की त्यांची जोडी जमते, तिला सायनाइड म्हणतात (घाबरू नका, ही जोडी लोखंडाला इतकी घट्ट धरून बसते की या रंगाने विषबाधा होत नाही, उलट थॅलियमची विषबाधा झाली तर औषध म्हणून हाच देतात).

शाळेत लोखंडाची संयुजा 2 आणि 3 शिकलो होतो ना, फेरस आणि फेरिक? प्रशियन ब्ल्यूच्या जाळीत दोन्ही शेजारी शेजारी बसलेले असतात, मध्ये सायनाइडचा पूल, कार्बनच्या टोकाला फेरस, नायट्रोजनच्या टोकाला फेरिक. फेरसचा एक इलेक्ट्रॉन पलीकडच्या फेरिककडे उडी मारू शकतो, आणि त्या उडीला जेवढी ऊर्जा लागते तेवढी नेमकी तांबड्या-नारिंगी प्रकाशात असते, म्हणून तो प्रकाश गिळला जातो आणि आपल्या डोळ्याला उरतो निळा. मध्ययुगातले चित्रकार निळ्यासाठी अफगाणिस्तानातल्या बदकशानच्या खाणीतला लाजवर्द हा निळा दगड वापरायचे, नाहीतर तांब्याचं अझुराइट. त्यांच्यात ही लोखंडाची जाळी नाहीच. लाजवर्दावर अल्कलीचा थेंब टाका, काही होत नाही, प्रशियन ब्ल्यूवर टाका, निळा जाऊन गंजासारखा तपकिरी उरतो. संपला विषय.

तसा लगेच संपला नाही म्हणा. समर्थक म्हणाले, नंतर कोणीतरी रंग दुरुस्त केला असेल, आणि हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. चर्मपत्रही खरंच जुनं होतं, झेलेना होराच्या पानांवर तर आधीचा मजकूर खरवडून वर नवा लिहिलेला. म्हणून "कार्बन डेटिंग केलंय" असं कोणी छाती ठोकून सांगितलं तर विचारा कशाचं केलं, कारण त्याने फक्त ते जनावर कधी मेलं ते कळतं, त्याच्या कातड्यावर कोणी कधी लिहिलं ते नाही.

खरा घाव घातला भाषेने. यान गेबाउअर हा व्याकरणकार आधी या पोथ्या खऱ्या मानायचा, पण जुन्या चेकचा कसून अभ्यास केल्यावर त्याला दिसलं की यातली रूपं दुसऱ्या कुठल्याच अस्सल जुन्या मजकुरात येत नाहीत. 1886 मध्ये त्याने ते मासारिक नावाच्या प्राध्यापकाच्या मासिकात छापलं. दोघांना देशद्रोही ठरवलं गेलं, शिव्यांचा पाऊस. तोपर्यंत या पोथ्यांवर चित्रं, पुतळे, ऑपेरा झालेले, आणि पालात्स्कीसारख्या प्रामाणिक इतिहासकारानेही त्यांच्यावर विसंबून पानंच्या पानं लिहिलेली. एका बनावट पोथीतून असा पुढचा खरा इतिहासही नासतो, आणि तो निवडत बसायला पुढच्या दोन पिढ्या.

हांका मात्र हे बघायला नव्हता, तो 1861 मध्येच गेला. त्याच्या आधी, 1858 मध्ये प्रागच्या एका जर्मन पेपरने पोथ्या खोट्या असल्याचं छापलं, तर याने संपादकावर बदनामीचा खटला भरला. आणि जिंकला. तेव्हा तो प्रागच्या म्युझियमचा ग्रंथपाल होता, म्हणजे खऱ्या पोथ्या सांभाळायचं काम त्याच्याचकडे. तिथल्या एका अस्सल मध्ययुगीन लॅटिन शब्दकोशात नंतर घुसडलेले चेक शब्द सापडले, त्याचाही संशय त्याच्यावरच आहे. मासारिक पुढे 1918 मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, आणि पोथ्या खऱ्याच आहेत म्हणणारे लोक आजही तिकडे आहेत. काकांना हे सगळं लिहून पाठवलंय, अजून निळी टिक आलेली नाही.