खेळरचनेतून शिक्षण

मुलांनी स्वतः व्हिडिओ गेम रचावा आणि तो रचता रचता गणित, भाषा, प्रोग्रॅमिंग शिकावे, अशी ही अध्यापनपद्धती. तयार शैक्षणिक गेम खेळायला देणे किंवा अभ्यासाला गुण आणि बिल्ले जोडणे याहून ती अगदी वेगळी आहे. बक्षिसाने गोडी लागतेच असे नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३ च्या प्रयोगात, बक्षीस आधी कबूल करून चित्रे काढायला लावलेली बालवाडीतली मुले पुढे मोकळ्या वेळात चित्रांत इतरांपेक्षा कमी रमली.

पद्धतीचे मूळ गणितज्ञ आणि शिक्षणविचारक सेमूर पॅपर्ट यांच्या विचारात आहे. दुसऱ्याला दाखवता येईल अशी वस्तू घडवताना ज्ञान पक्के होते, असे ते मानत. सिंथिया सॉलोमन व वॉली फ्यूर्झाइग यांच्यासह त्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली.

शिक्षणसंशोधक यास्मिन काफाई यांचा १९९५ मध्ये पुस्तकरूपाने आलेला अभ्यास या क्षेत्रात पायाभूत ठरला. बॉस्टनमधल्या चौथीच्या १६ मुलांनी आपल्याहून लहान मुलांना अपूर्णांक शिकवणारे गेम लोगोत बनवले. दुसऱ्याला शिकवायचे म्हटल्यावर अपूर्णांक आधी स्वतःला नीट कळावा लागतो. खरी प्रेरणा इथे आहे. तरीही बहुतेक गेममध्ये साहस एकीकडे आणि अपूर्णांकाचा प्रश्न दुसरीकडे राहिला. रस्ता अडवून प्रश्न विचारायचा, उत्तर चुकले की शिक्षा! मुलांना शाळेत दिसलेले शिकवणे असेच असावे, असे मला वाटते.

मिचेल रेस्निक यांच्या एमआयटी या अमेरिकी तंत्रविद्यापीठातील गटाने २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ ही मुलांसाठीची संगणकभाषा खुली केली आणि ही पद्धत जगभर पोहोचली. त्यात आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. पडद्याचा मध्यबिंदू शून्य, त्यामुळे स्क्रॅचमधल्या मांजराच्या चित्राला त्या बिंदूच्या डावीकडे ठेवायचे तर ऋण संख्या लागतेच. गुण मोजायला चल, म्हणजे बदलती संख्या साठवणारे नाव, हवा, आदळणे ओळखायला ‘जर–तर’ हवे. पुस्तकात रुक्ष वाटणारी ही साधने इथे मूल आपणहून मागते, कारण त्यांच्यावाचून त्याचा गेम चालत नाही. चूक झाली तर मांजर भलतीकडे जाते आणि दुरुस्ती लगेच करून पाहता येते.

दुसऱ्याने प्रसिद्ध केलेला गेम उघडून, त्यातले ठोकळे पाहून, बदलून नवा करण्याची मुभाही स्क्रॅचमध्ये आहे. वर्गात याला नक्कल म्हटले गेले असते. स्क्रॅचच्या संकेतस्थळावर अशा नव्या गेमसोबत मूळ कर्त्याचे नाव आपोआप झळकते.