पुडीतलं अजिनोमोटो आणि पुडीतलं मीठ

चायनीजच्या गाडीवर ‘भैया, अजिनोमोटो मत डालना’ असं बजावणारी माणसं मुंबई-पुण्यात हमखास भेटतात. गाडीवाला मान डोलावतो, पांढऱ्या पुडीकडे जाणारा हात आवरतो आणि कढईत सोया सॉसची धार धरतो. सोया सॉस म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, अजिनोमोटोत असतं तेच ग्लुटामेट त्यात मुळातच भरपूर असतं. म्हणजे जे टाळायचं म्हणून एवढं बजावलं, ते दुसऱ्या बाटलीतून ताटात येतंच, आणि येताना सोबत ढीगभर मीठ घेऊन येतं. त्या मिठाबद्दल मात्र गाडीवाल्याला कुणी अवाक्षर काढत नाही.

अजिनोमोटो हे एका जपानी कंपनीचं आणि तिच्या उत्पादनाचं नाव. वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणायचे, तसं ते आपल्याकडे पदार्थालाच चिकटलं. पदार्थाचं रासायनिक नाव मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे एमएसजी. १९०८ साली टोकियोच्या इम्पिरियल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळापासून ते मिळवलं. जपानी स्वयंपाकात या शेवाळाचं पाणी रश्श्याला आधार म्हणून वापरतात. त्याची चव गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कशातच बसत नाही, हे इकेदांना खटकत होतं. सुमारे १२ किलो शेवाळ उकळून, गाळून, आटवून त्यांच्या हाती ३० ग्रॅमच्या आसपास स्फटिक आले. ते निघालं ग्लुटामिक आम्ल. हे आम्ल १८६६ मध्येच रिटहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने ग्लुटेनपासून, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनापासून, वेगळं केलं होतं. मात्र शेवाळाच्या पाण्याची ती चव याच आम्लाच्या क्षारांमुळे येते, हे इकेदांनी दाखवलं. त्याचा सोडियम क्षार पाण्यात सहज विरघळतो, बाटलीत कोरडा राहतो आणि चवीला उत्तम, म्हणून १९०९ मध्ये तो बाजारात आला.

सुरुवातीला गव्हातलं ग्लुटेन हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून एमएसजी बनवत. ते काम खर्चाचं आणि किचकट होतं. १९५६ मध्ये जपानमध्ये एक जिवाणू सापडला, कॉरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम. साखर खाऊ घातली की तो ग्लुटामेट बाहेर टाकतो. तेव्हापासून हा धंदा आंबवण्याचा झाला. कच्चा माल म्हणून टॅपिओका, मका, नाहीतर उसाची मळी. आपल्या साखर कारखान्यांतून डिस्टिलरीकडे जाते तीच मळी. ‘केमिकल’ म्हणून ज्याला नाकं मुरडली जातात, त्याची निर्मिती दारू किंवा व्हिनेगरच्याच जातकुळीतली आहे.

बरं, ग्लुटामेट आपल्याला परकं आहे का? डाळ, गहू, दूध, मांस, कुठल्याही प्रथिनात ग्लुटामिक आम्ल हा मोठा घटक असतो. प्रथिनात गुंफलेलं असताना त्याची चव लागत नाही, सुटं झालं की लागते. पिकलेला टोमॅटो, हिरवे मटार, अळंबी, मुरलेलं चीज यांत ते सुटं असतं. आईच्या दुधातल्या सुट्या अमिनो आम्लांमध्ये तर सर्वात जास्त प्रमाण ग्लुटामेटचंच. टोमॅटोतलं ग्लुटामेट आणि पुडीतलं ग्लुटामेट लाळेत विरघळल्यावर वेगळं ओळखता येत नाही. जिभेला नाही, आतड्यालाही नाही.

जिभेवर त्यासाठी स्वतंत्र ग्राहक रेणू आहेत, हे २००० ते २००२ या काळात सिद्ध झालं. ग्लुटामेटच्या जोडीला इनोसिनेट किंवा ग्वानिलेट हे रेणू आले, तर चव नुसती बेरजेने न वाढता कित्येक पटींनी वाढते. पाकिटावर ६२७, ६३१ किंवा ६३५ असे आकडे दिसतात ते या मंडळींचे. सोड्यांच्या कालवणात टोमॅटो का खुलतो, याचं उत्तरही बहुधा इथेच आहे. सुक्या कोळंबीत इनोसिनेट, टोमॅटोत ग्लुटामेट.

मग भीती आली कुठून? ४ एप्रिल १९६८ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये रॉबर्ट हो मान क्वोक या डॉक्टरांचं एक पत्र छापून आलं. अमेरिकेतल्या चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मानेमागे बधिरपणा येतो, अशक्तपणा वाटतो, छातीत धडधडतं, असं त्यांनी लिहिलं होतं. कारण म्हणून त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, एमएसजी आणि मीठ अशा अनेक शक्यता मांडल्या. पत्रात प्रयोग नव्हता, होती ती विचारणा. संपादकांनी वर मथळा दिला ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’, आणि यादीतल्या बाकीच्या संशयितांना लोक विसरले. अमेरिकी घरांत त्या काळी डब्यातलं सूप आणि तयार खाद्यपदार्थ यांतूनही एमएसजी रोज पोटात जात होतं. सिंड्रोम मात्र चिनी हॉटेलांच्याच वाट्याला आला. माझ्या मते या गोष्टीत विज्ञानाइतकाच पूर्वग्रहाचाही हात आहे.

पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन ओल्नी यांनी खराखुरा प्रयोग केला. नवजात उंदरांच्या त्वचेखाली एमएसजी टोचल्यावर त्यांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या पेशी मेल्या. हा निष्कर्ष खोटा नव्हता. ग्लुटामेट हा मेंदूतला संदेशवाहक रेणू आहे आणि त्याचा पूर आला तर चेतापेशी मरतात, हे आज सर्वमान्य आहे. पण डोस होता शरीराच्या दर किलोला अर्धा ते चार ग्रॅम. ६० किलोच्या माणसाच्या हिशेबात ३० ते २४० ग्रॅम, तेही इंजेक्शनने. तोंडाने खाल्लेल्या ग्लुटामेटची वाट फार वेगळी असते. आतड्याच्या पेशी ते इंधन म्हणून जाळतात आणि त्यातला बहुतेक भाग रक्तात पोचण्याआधीच संपतो. उरलंसुरलं यकृत हाताळतं, आणि मेंदूभोवतीचा रक्तवाहिन्यांचा अडसर त्यापुढे उभा असतो. तरीही बाळांच्या आहारात एमएसजी हवंच कशाला, या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि अमेरिकी कंपन्यांनी ते बाळांच्या डब्यांतून काढलं. चांगलंच केलं. बाळाला चव वाढवणाऱ्या भुकटीची गरज नव्हतीच, ती डब्यातला घास आधी चाखणाऱ्या आईसाठी होती.

डोकेदुखी आणि धडधडीच्या तक्रारींचं काय? २००० साली अमेरिकेत एक बहुकेंद्री चाचणी प्रसिद्ध झाली. ‘आम्हाला एमएसजी बाधतं’ असं स्वतः सांगणारे १३० जण निवडले. कधी ५ ग्रॅम एमएसजी, कधी नकली पेय. कुठलं काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नाही, घेणाऱ्यालाही नाही. पहिल्या फेरीत ५० जणांना फक्त एमएसजीने त्रास झाला, १७ जणांना फक्त नकली पेयाने, तर १९ जणांना दोन्हींनी! ज्यांना त्रास झाला त्यांना पुन्हा पुन्हा तपासत गेल्यावर, प्रत्येक वेळी एमएसजीलाच प्रतिसाद देणारे दोघे उरले. त्यांनाही जेवणासोबत दिल्यावर त्रास दर वेळी झाला नाही. रिकाम्या पोटी मोठा डोस घेतल्यास काही जणांना थोडा वेळ अस्वस्थ वाटू शकतं, एवढंच यातून हाती लागतं. वरून एमएसजी घातलेल्या पदार्थाच्या एका वाढणीत ते सहसा अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमीच असतं.

मर्यादा किती असावी यावर मात्र तज्ज्ञ संस्थांचं एकमत नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने सत्तरच्या दशकात किलोमागे १२० मिलिग्रॅमची दैनिक मर्यादा घातली होती आणि ती १२ आठवड्यांखालच्या बाळांना लागू नाही असं म्हटलं होतं. १९८७ मध्ये तिने आकडी मर्यादाच काढून टाकली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये नव्याने तपासणी केली आणि वजनाच्या दर किलोला ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा ठरवली. उंदरांना ज्या पातळीपर्यंत अपाय दिसला नाही त्या किलोमागे ३,२०० मिलिग्रॅमला शंभराने भागून आणि आलेले ३२ खाली उतरवून हा आकडा आला. काही लोकगटांत, विशेषतः मुलांत, ही मर्यादा ओलांडली जाते असंही तिने नोंदवलं. शंभराने भागणं ही सावधगिरीची रीत आहे, ३१व्या मिलिग्रॅमला विष सुरू होतं असा त्याचा अर्थ नाही. पण पोरांना रोज पाकिटबंद खाऊ देणाऱ्या घराने हा इशारा झटकून टाकू नये.

भारतात कायद्याने एमएसजीवर बंदी नाही. ठरावीक पदार्थांतच ते चालतं, घातलं असेल तर पाकिटावर सांगावं लागतं आणि १२ महिन्यांखालच्या बाळांसाठी नाही असा इशारा छापावा लागतो. २०१५ च्या मॅगी प्रकरणात याच नियमावरून ठिणगी पडली. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत २०१४ मध्ये अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी नमुने उचलले, कारण पाकिटावर ‘नो अ‍ॅडेड एमएसजी’ असं लिहिलं होतं. गोरखपूरच्या प्रयोगशाळेत ग्लुटामेट सापडलं. नमुना कोलकात्याला गेला, आणि तिथून आणखी एक आकडा आला. शिसं १७.२ पीपीएम (दहा लाख भागांत १७.२ भाग), मर्यादा २.५.

पुढे वाहिन्यांवर हे दोन आरोप एकाच दमात सांगितले गेले, जणू दोन्ही विषं एकाच तोलाची. वास्तविक शिसं हे लहान मुलांच्या मेंदूला घातक असल्याचं निर्विवाद सिद्ध आहे. ग्लुटामेटचा आरोप होता तो लेबलावर खरं न सांगण्याचा. कंपनीचं म्हणणं असं की आम्ही एमएसजी घालत नाही, जे दिसतं ते शेंगदाण्याच्या हायड्रोलाइज्ड, म्हणजे तोडलेल्या, प्रथिनातून, कांद्याच्या भुकटीतून आणि गव्हाच्या पिठातून आलेलं आहे. शब्दशः हे खरं असेलही. पण प्रथिन तोडून सुटं ग्लुटामेट मोकळं करायचं आणि वर ‘घातलेलं नाही’ असं छापायचं, ही चलाखीच झाली. अमेरिकेत हायड्रोलाइज्ड प्रथिन असलेल्या पदार्थावर ‘नो एमएसजी’ लिहायला तिथली अन्न व औषध संस्था परवानगीच देत नाही.

जून २०१५ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मॅगीच्या नऊ प्रकारांवर बंदी घातली, महाराष्ट्रातही वेगळा आदेश निघाला. हजारो टन माल परत मागवून जाळला, त्यातला काही चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्याच्या भट्टीत. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. कंपनीला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही आणि चाचण्या केलेल्या प्रयोगशाळांना कायद्याने लागणारी मान्यता नव्हती, ही मुख्य कारणं. हैदराबाद, मोहाली आणि जयपूरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने तपासणी झाली, शिसं मर्यादेत निघालं आणि नोव्हेंबरमध्ये पाकिटं पुन्हा दुकानात आली. देशभर गाजलेल्या प्रकरणाचा पायाच प्रयोगशाळेच्या मान्यतेवर डळमळावा, हे मला त्या १७.२ पेक्षा जास्त चिंतेचं वाटतं.

मार्च २०१६ मध्ये प्राधिकरणाने कबूल केलं की अन्नातलं ग्लुटामेट मूळचं की घातलेलं, हे सांगणारी चाचणीच नाही. म्हणून नुसतं ग्लुटामेट सापडलं यावरून खटला भरू नये, कारखान्याची तपासणी करून खात्री करावी. मात्र ‘नो एमएसजी’ असा दावा छापूनही ते सापडलं तर कारवाई करावी.

या गदारोळात एक खरा गुन्हेगार कुणाच्या नजरेला पडत नाही. वनस्पतिजन्य प्रथिनं आम्लात उकळून तोडताना, त्यात तेलाचा अंश असेल तर ३-एमसीपीडी हा घटक तयार होतो. प्राण्यांत तो मूत्रपिंडाला अपाय करतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला संभाव्य कर्ककारक म्हटलंय. महिनोन्‌महिने न आंबवता आम्लाने झटपट केलेल्या सोया सॉसमध्ये तो जास्त असू शकतो. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये काही आयात सोया सॉसमध्ये तो बराच सापडल्यावर गहजब झाला. युरोपात सोया सॉससाठी किलोला २० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आहे. गाडीवरच्या बिननावाच्या बाटलीबद्दल विचारायचं असेल तर हे विचारा.

आणि मीठ. एमएसजीत सोडियम सुमारे १२ टक्के, मिठात ३९. त्यामुळे थोडं मीठ कमी करून त्या जागी एमएसजी घातलं तर पदार्थातलं एकूण सोडियम घटतं आणि चव राहते. कारखानदार बऱ्याचदा दोन्ही सढळ हाताने घालतात, ही गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम खावं, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून थोडं कमी मीठ. इन्स्टंट नूडल्सच्या एका पाकिटात यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त सहज जातो, आणि त्यातला मोठा वाटा मसाल्याच्या पुडीत असतो. अर्धीच पुडी टाकली तर तो हिशेब लगेच उतरतो. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या आजोबांनी नातवाच्या ताटलीतलं ‘थोडंसं’ चाखताना हे लक्षात घ्यायला हवं.

भारतीय नियमांनुसार पाकिटामागे सोडियमचा आकडा आणि दैनिक गरजेच्या किती टक्के, हे छापावं लागतं. छापतात बारीक अक्षरात, आणि एका ‘सर्व्हिंग’चा आकार कंपनीच ठरवते. चिलीत २०१६ पासून जास्त सोडियमच्या पाकिटावर समोरच काळा अष्टकोन असतो. आपल्याकडे २०२२ च्या मसुद्यात ताऱ्यांची पद्धत सुचवली गेली. प्रथिनं आणि तंतूंचे गुण मिळवून खारट पदार्थालाही बरे तारे पडू शकतील, अशी त्यावर आहारतज्ज्ञांची हरकत आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समोरच्या लेबलाचा प्रश्न तीन महिन्यांत मार्गी लावायला सांगितलं. तसं लेबल येईपर्यंत पाकीट उलटं करून सोडियमची ओळ शोधायची, आणि ‘प्रति सर्व्हिंग’ म्हणजे पाकिटाचा नेमका किती भाग, हे आधी बघायचं.