नदी मोकळी होण्याची वाट

अलास्कातल्या नेनाना या छोट्या गावात दरवर्षी मार्चमध्ये टॅनाना नदीच्या गोठलेल्या पात्रावर लाकडाचा एक मनोरा उभा करतात. त्याला म्हणतात ट्रायपॉड, पण पाय त्याला चार. मनोऱ्याला बांधलेली तार काठावरच्या घड्याळापर्यंत जाते. नदीवरचा बर्फ फुटला, मनोरा प्रवाहाबरोबर सरकू लागला, की तार ताणली जाते आणि घड्याळ थांबतं. ते कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी थांबेल यावर लोक पैज लावतात. 1917 साली रेल्वेच्या कामावरच्या इंजिनिअरांनी 800 डॉलर जमवून ही पैज सुरू केली आणि ती आजही चालू आहे.

मला या पैजेचं आकर्षण आहे ते तिथल्या वाट पाहण्यामुळे. एप्रिल उजाडतो, दुपारचा पारा शून्याच्या वर जातो, अंगावरचे जाड कोट उतरतात, तरी नदी आहे तशीच. काहीच घडत नाहीये असं वाटतं. खरं तर याच दिवसांत सगळ्यात जास्त घडत असतं.

दहावीच्या विज्ञानात आपण 'अप्रकट उष्मा' शिकलो होतो. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ शून्य अंशाच्याच पाण्यात बदलायला 80 कॅलरी उष्णता लागते आणि तोवर तापमापी ढिम्म हलत नाही. हा आकडा नदीवर नेऊन पाहू. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर जाड अशी बर्फाची लादी घेतली, तर तिचं वजन 900 किलोंहून जास्त भरेल. ती पूर्ण वितळवायला लागणारी उष्णता म्हणजे आपल्या घरातल्या गॅस सिलिंडरपैकी जवळजवळ अर्ध्या सिलिंडरची. नदीच्या एकेका चौरस मीटरला अर्धा सिलिंडर! तीच लादी उणे 20 अंशांवरून शून्यावर आणायला याच्या साधारण आठव्या हिश्शाएवढीच उष्णता पुरते. म्हणजे खरा खर्च शून्यावर पोचल्यानंतरचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

एवढी उष्णता पुरवण्यात मोठा वाटा उन्हाचा. एप्रिलअखेर तिथे दिवस सोळा तासांहून मोठा असतो. पण वर ताजं भुसभुशीत हिम असेल, तर ते पडलेल्या उन्हातला 80 टक्क्यांहून अधिक भाग परत पाठवतं. हेच हिम हिवाळ्यात गोधडीसारखं काम करतं. त्याच्यात अडकलेल्या हवेमुळे पाण्यातली उष्णता वर निसटत नाही, म्हणून जाड हिमाखाली बर्फाचा थर कमी वाढतो. वसंतात मात्र तीच गोधडी बर्फाला उन्हापासून वाचवते. म्हणून आधी तिला जावं लागतं. वरच्या थराचं वितळलेलं पाणी खाली झिरपतं, खालच्या थंड थरात पुन्हा गोठतं आणि गोठताना आपली उष्णता त्या थराला देऊन टाकतं. असं करत सगळा थर शून्यावर आला की पाणी बाहेर पडू लागतं. जुनं, ओलं, मळलेलं हिम ऊन जास्त शोषतं, त्यामुळे पुढचा वेग वाढत जातो. लडाखमधल्या झंस्कर खोऱ्यातले शेतकरी नेमकं हेच जाणून वसंतात शेतातल्या हिमावर माती पसरतात, म्हणजे जमीन लवकर उघडी पडते. तिथला पेरणीचा हंगाम इतका तोकडा आहे की त्यांना थोडे दिवसही मोलाचे.

उघड्या पडलेल्या बर्फात ऊन आत शिरतं आणि स्फटिकांच्या सांध्यांवर आधी वितळण सुरू होते. लादी जाडच दिसते, पण आतून ती उभ्या मेणबत्त्यांच्या जुडीसारखी सुटी झालेली असते. तिच्यावर पाऊल टाकणं जिवावर बेतू शकतं. जाडी पाहून बर्फाची ताकद ओळखता येत नाही, ती यामुळे. मग वरच्या खोऱ्यातलं हिम वितळून नदीला पाणी चढतं, लादी उचलली जाते, तडे जातात, आणि घड्याळ थांबतं.

पैशांचा प्रश्न असल्यामुळे ही वेळ कसोशीने नोंदली जाते आणि त्यातून शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षांची नोंदवही मिळाली. 2001 साली 'सायन्स' या नियतकालिकात तिचा अभ्यास छापून आला. बर्फ फुटण्याचा दिवस 1917 पासून सरासरी साडेपाच दिवसांनी अलीकडे आला होता. एकेक वर्ष मात्र फसवं असतं. 2013 साली घड्याळ थांबलं ते 20 मे रोजी, दुपारी. इतका उशीर त्याआधी कधीच झाला नव्हता. 1964 मध्येही तारीख 20 मेच होती, पण ते सकाळी थांबलं होतं. म्हणून एका वर्षावरून हवामान बदलाबद्दल निकाल देऊ नये, ओळ लांबवर पाहावी. लवकरच्या टोकाला 1940 आणि 1998 या दोन वर्षांची 20 एप्रिल ही तारीख होती. 2019 साली ती मागे पडली. त्या वर्षी 14 एप्रिलला, मध्यरात्र उलटून 21 मिनिटं झाली असताना मनोरा सरकला.