ऑटोमॅटिक घड्याळाची सर्व्हिसिंग कंपनीच्या हातात कशी गेली?

महागडं ऑटोमॅटिक घड्याळ सर्व्हिसिंगला टाकलं की पहिला धक्का बिलाचा बसतो आणि दुसरा मुदतीचा: घड्याळ कंपनीकडे जाणार, परत यायला आठवडे लागणार. पूर्वी हेच काम जवळपास कुठलाही चांगला घड्याळजी करत असे. मधल्या काळात काय घडलं हे समजून घ्यायचं, तर सुरुवात धुळीपासून करावी लागते.

चालताना होणाऱ्या हालचालीवर आपोआप चावी भरून घेणारी, म्हणजेच ऑटोमॅटिक, खिशातली घड्याळं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच बनली होती. मनगटावर ही कल्पना आणली ती जॉन हारवूड या इंग्रज घड्याळजीने. दुरुस्तीला येणाऱ्या घड्याळांमध्ये धूळ आणि ओल शिरते ती चावीच्या दांड्याच्या भोकातून, हे त्याने हेरलं होतं. मग चावीच नको! 1924 साली त्याला स्विस पेटंट मिळालं. त्याच्या घड्याळात एक वजन ठरावीक कोनात मागेपुढे हलायचं आणि दोन्ही टोकांना स्प्रिंगवर आपटायचं. काटे जुळवायचे ते काचेभोवतीची कडी फिरवून. म्हणजे ऑटोमॅटिक मनगटी घड्याळाची कल्पना दुरुस्तीच्या टेबलावर सुचली, निव्वळ ग्राहकाच्या आरामासाठी नव्हे. मंदीत हारवूडची कंपनी 1931 मध्ये बंद पडली. त्याच वर्षी रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारा रोटर (चावी भरणारं वजन) आणला. 1948 मध्ये एटर्ना या स्विस कंपनीने तो पाच बारीक छऱ्यांच्या बेअरिंगवर बसवला.

चावी द्यायचा त्रास गेला, पण दुरुस्ती करणाऱ्याचं काम वाढलं. साध्या घड्याळात कमान (घड्याळ चालवणारी, डबीत गुंडाळलेली स्प्रिंग) पूर्ण भरली की चावी अडते आणि हात आपोआप थांबतो. रोटर कसा थांबणार? म्हणून ऑटोमॅटिकमध्ये कमानीचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीला पक्कं जोडत नाहीत. कमान भरली की ते टोक भिंतीवरून घसरतं. (ही घसरती कमान एड्रियन फिलिप या फ्रेंच घड्याळजीची, पेटंट 1863 सालचं, तेव्हा मनगटी घड्याळं क्वचितच दिसत.) ते किती घसरावं हे ठरतं भिंतीला लावलेल्या खास ग्रीसवरून. ग्रीस बिघडून कमान लवकर घसरायला लागली, तर दिवसभर हातात असलेलं घड्याळ रात्री काढून ठेवल्यावर पहाटेच बंद पडतं. घालणाऱ्याला वाटतं मशीन गेलं. घड्याळजी आधी डबी उघडतो.

तेलाची गोष्ट याहून जुनी आणि थोडी ओशाळवाणी आहे. विसाव्या शतकात बऱ्याच उशिरापर्यंत उत्तम घड्याळतेल म्हणजे पॉरपॉइज आणि डॉल्फिन यांच्या जबड्यातलं तेल. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डच्या विल्यम नाय यांच्या कंपनीचं त्यात मोठं नाव होतं. ते थंडीत गोठत नसे, पण काही काळाने घट्ट, चिकट होई. एकदोन वर्षांनी घड्याळ उघडून साफ करायचा रिवाज होता, तो या तेलामुळे. पुढे कृत्रिम तेलं आली आणि ही मुदत चारपाच वर्षांवर गेली. आजही एकाच मशीनमध्ये वेगवेगळी तेलं लागतात: कमानीजवळच्या सावकाश फिरणाऱ्या चाकांना दाट, मागेपुढे हेलकावणाऱ्या बॅलन्स चाकाच्या टोकांना अगदी पातळ. पॅलेट म्हणजे चाकांना ठोक्यागणिक अडवून सोडणारा आकडा; त्याच्या खड्यांना असं ग्रीस लावतात, जे ठोका बसताच पातळ होतं आणि पुन्हा घट्ट होतं. पॅलेटच्या दांड्याची टोकं मात्र बहुतेक वेळा कोरडीच ठेवतात. तासाला 28,800 ठोके घेणारं घड्याळ वर्षाला सुमारे 25 कोटी ठोके घेतं. जिथे तेल आटतं तिथे पोलाद झिजतं, आणि झिजलेला भाग नुसत्या सफाईने बरा होत नाही.

मग सेइको या जपानी कंपनीने 25 डिसेंबर 1969 रोजी पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं, मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. स्विस उद्योगातल्या नोकऱ्या 1970 मधल्या सुमारे 90,000 वरून 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत साधारण एकतृतीयांशावर आल्या. या पडझडीत कुशल घड्याळजींची एक अख्खी पिढी गळाली, हे माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान. यांत्रिक घड्याळ परतलं ते चैनीची वस्तू म्हणून, आणि चैनीच्या वस्तूवर कंपनीला शेवटपर्यंत ताबा हवा असतो. सुटे भाग पूर्वी घाऊक व्यापाऱ्यांकडे सहज मिळत. हळूहळू ते फक्त अधिकृत केंद्रांपुरते राहिले.

याविरुद्ध युरोपातल्या स्वतंत्र घड्याळजींच्या महासंघाने 2004 मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने ती 2008 मध्ये फेटाळली, न्यायालयाने 2010 मध्ये तो निर्णय रद्द केला, 2014 मध्ये आयोगाने पुन्हा फेटाळली आणि 2017 मध्ये न्यायालयाने या वेळी आयोगाची बाजू उचलून धरली. दर्जा आणि नकली भागांना आळा, हा कंपन्यांचा मुद्दा टिकला. तो अगदीच खोटा नाही. पण प्रशिक्षित, स्वतंत्र माणसालाही एक गॅस्केट (पाणी अडवणारी कडी) मिळू नये, याचं समर्थन मला तरी पटत नाही.

दरम्यान तेलाची अडचण कंपन्यांनी बरीच सोडवत आणली. जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज घड्याळजीची एस्केपमेंटची (चाकांना ठोक्यागणिक अडवून सोडणाऱ्या यंत्रणेची) कमी घासणारी को-ॲक्सियल रचना ओमेगाने 1999 मध्ये बाजारात आणली. 2001 मध्ये युलिस नार्डिनने एस्केपमेंटमध्ये सिलिकॉन वापरलं. त्याला तेलाची गरज फारच कमी. ओरिसने 2020 मध्ये एका नव्या मशीनला दहा वर्षांची हमी दिली आणि सर्व्हिसिंगची मुदतही तेवढीच सांगितली. मात्र धातूची बालकमानी (बॅलन्स चाकाला हेलकावे देणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) वाकली तर कसलेला हात ती चिमट्याने पुन्हा वळणावर आणतो. सिलिकॉनची वाकवून सरळ करता येत नाही, ती तुटते. नवी घालावी लागते, आणि ती कंपनीकडूनच यावी लागते.