बिनचूक संदेशांचा संशय

युद्धकाळातल्या एखाद्या भूमिगत चळवळीचा घात झाला की आपण आधी फितूर शोधतो. हॉलंडमध्ये १९४२ साली फितूर होताही. रिडरहॉफ नावाच्या खबऱ्यामुळे ६ मार्चला हेग शहरात हुब लाउवर्स हा बिनतारी यंत्रचालक जर्मनांच्या हाती लागला. पण त्यानंतर ब्रिटनहून विमानाने उतरवलेले पन्नासच्या आसपास हेर एकामागून एक थेट जर्मनांच्या स्वाधीन झाले. तेवढ्यांचा घात एकटा खबऱ्या करू शकत नाही. त्याचं कारण सांकेतिक लेखनात आणि संभाव्यतेच्या गणितात सापडतं.

ब्रिटिश गुप्तसंस्था हेरांना एक कविता पाठ करायला लावे. संदेश पाठवताना कवितेतले पाच शब्द निवडायचे आणि त्यांच्या अक्षरांना वर्णक्रमानुसार क्रमांक द्यायचे. त्या क्रमांकांखाली संदेश ओळीओळींनी लिहायचा आणि मग पहिल्या क्रमांकाचा उभा रकाना, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा, असे रकाने उतरवून काढायचे. मिळालेल्या अक्षरांची पुन्हा तशीच उलथापालथ करायची. यात एक क्रमांक जरी चुकला तरी लंडनमध्ये पोचलेला मजकूर लागत नसे. शिवाय प्रत्येक हेराची एक सुरक्षा-खूण असे. लाउवर्सने दर सोळाव्या अक्षरात मुद्दाम चूक करायची होती. ती चूक नसली, तर हेर पकडला गेला आहे असं समजायचं.

गिस्केस या जर्मन अधिकाऱ्याने लाउवर्सलाच यंत्रावर बसवलं, त्यामुळे बटण दाबण्याची लकबही त्याचीच राहिली. लाउवर्सने मोठ्या धैर्याने जर्मनांना खोटी खूण सांगितली आणि खरी गाळली. लंडनने तिकडे लक्षच दिलं नाही, आणि याच यंत्रावरून ठरलेल्या जागी ते नवे हेर उतरवत राहिलं. तिथे जर्मन आधीच वाट पाहत असत.

का? प्रामाणिक हेरसुद्धा घाईत खूण विसरत, आणि खराब प्रक्षेपणात अक्षरं बिघडत. जी गोष्ट निर्दोष माणसाकडूनही वारंवार घडते, ती पुरावा म्हणून दुबळी ठरते. तरीही हा निष्काळजीपणा मला अक्षम्य वाटतो, कारण खूण ठरवली होती ती नेमक्या याच प्रसंगासाठी.

संस्थेच्या सांकेतिक विभागातल्या विशीतल्या लिओ मार्क्सला वेगळंच खटकलं. इतर देशांतल्या हेरांचे बरेच संदेश चुकांमुळे उलगडत नसत. हॉलंडचे मात्र सगळे उलगडत! समजा, दर दहातला एक संदेश बिघडतो. मग एक संदेश बिनचूक येण्याची शक्यता ०.९. लागोपाठ पन्नास बिनचूक येण्याची शक्यता ०.९ चा पन्नासावा घात, म्हणजे सुमारे अर्धा टक्का. शंभर संदेश घेतले तर सदतीस हजारांत एक. हे संदेश पकडले जाण्याच्या भीतीखाली वावरणारा माणूस लिहीत नाही, हे यातून जवळजवळ सिद्ध होतं. गाळलेली खूण प्रामाणिक हेराच्या बाबतीतही शक्य होती, पण इतका सलग बिनचूकपणा जवळजवळ अशक्य होता. चेहरा, डोळे किंवा आवाजातला कंप पाहून गद्दार ओळखण्याचे दावे आजही विकले जातात. त्यांतल्या एकाही दाव्यात या साध्या गुणाकाराइतका दम नाही.

मार्क्सचा इशारा वरिष्ठांनी वेळीच मानला नाही. ऑगस्ट १९४३च्या अखेरीस उबिंक आणि डाउर्लाइन हे दोन कैदी तुरुंगातून निसटले आणि स्वित्झर्लंडला पोचल्यावर हा प्रकार बाहेर आला. पकडलेल्यांपैकी बहुतेकांना सप्टेंबर १९४४ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत ठार मारण्यात आलं. लंडनमध्येच कुणी गद्दार बसला होता, अशी अफवा युद्धानंतर पसरली. डच संसदीय चौकशीला तसा पुरावा मिळाला नाही, गंभीर चुका मात्र मिळाल्या.

मार्क्सने कवितेऐवजी रेशमी कापडावर छापलेल्या किल्ल्या आणल्या. एका संदेशाला एक किल्ली वापरायची, मग ती पट्टी कापून जाळून टाकायची. कविता पाठ असल्याने छळ करून वदवून घेता येत असे आणि तिच्या आधारे जुने संदेशही वाचता येत. जाळलेली किल्ली हेराच्या स्मरणात नसतेच. आजच्या सुरक्षित संदेश-ॲपमध्येही संदेशागणिक किल्ली बदलून जुनी पुसली जाते, त्यामुळे आजची किल्ली चोरीला गेली तरी तिने कालचा संदेश उघडत नाही.